बर्फ नसलेल्या हिवाळ्यात बर्फाची शिकवणी



फिनलंडलगतच्या बोथनियाच्या आखातात फेब्रुवारीच्या रात्री चाललेली जहाजं पाहिली, तर मुंबईत शिकलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला तो निव्वळ बेजबाबदारपणा वाटेल. पुढे आइसब्रेकर, त्याच्या पाठोपाठ मालवाहू जहाज, आणि दोघांत अंतर जेमतेम काहीशे मीटर. मोकळ्या समुद्रात इतकी जवळीक करणाऱ्या सेकंड ऑफिसरला कप्तान ब्रिजवर उभं करणार नाही. इथे मात्र मागे रेंगाळणं हीच चूक ठरते, कारण आइसब्रेकरनं फोडलेली वाट मागून मिटत जाते. वाऱ्यानं बर्फ दाबला जात असेल तर ती बघता बघता बंद होते आणि मागचं जहाज जागच्या जागी अडकतं.

फार जवळ गेलं, तर दुसरंच संकट. वाऱ्यानं लाद्यांवर लाद्या चढून बर्फाच्या कडा तयार होतात, दर्यावर्दी त्यांना ‘रिज’ म्हणतात. अशा रिजला भिडलं की भरपूर ताकदीचा आइसब्रेकरही मध्येच थबकतो. त्याच्या मागच्या बाजूला एकावर एक असे दोन फिरते लाल दिवे लागतात. त्यांचा अर्थ, पुढचं जहाज अचानक थांबलंय. मागच्या ब्रिजवर त्याच क्षणी इंजिन उलटं चालवायला घ्यावं लागतं. कप्तानाला उठवून विचारण्याइतकी सवड नसते.

हा क्षण शिकवायचा कसा? प्रत्यक्षात शिकवायचा तर दोन जहाजं आणि एक टक्कर पणाला लावावी लागेल. म्हणून फिनलंडनं सिम्युलेटर हाताशी घेतला. तुर्कूचं ‘आबोआ मारे’ हे त्यासाठीचं नावाजलेलं केंद्र. अशा सरावात एका खोलीत आइसब्रेकरचा ब्रिज असतो, दुसरीत मालवाहू जहाजाचा. दोघांना एकमेकांचा फक्त व्हीएचएफ रेडिओवरचा आवाज ऐकू येतो आणि पडद्यावर एकमेकांचे दिवे दिसतात. तिसऱ्या खोलीत बसलेला प्रशिक्षक वारा फिरवतो, दाब वाढवतो, अंधार पाडतो आणि नेमकी नको तिथे रिज आणून ठेवतो. धडक झालीच, तर दोन्ही जहाजांचा माग पुन्हा लावून बघायचा: वेग कुणी कधी कमी केला, सूचना कुणी अर्धवट ऐकली. खरी शिकवणी या फेरतपासणीतच होते. बहुतेक वेळा चूक सुकाणूवरच्या हातांची नसते, दोन ब्रिजांमधल्या बोलण्याची असते.

अर्थात पडद्यावर पांढरा रंग ओतला म्हणजे बर्फ झाला, असं नाही. जहाजाला बर्फाचा रोध किती होतो, हे मोजलेलं असावं लागतं. हेलसिंकीत ‘आकर आर्क्टिक’ या कंपनीची ७५ मीटर लांबीची टाकी आहे, तिच्यात गोठवलेल्या पाण्यातून जहाजांच्या छोट्या प्रतिकृती चालवून हा हिशेब मांडतात. असल्या मोजमापांचा आधार नसेल, तर सिम्युलेटर म्हणजे महागडा व्हिडिओ गेमच.

बर्फातले काही नियम तर मोकळ्या पाण्यातल्या सवयींच्या थेट विरुद्ध जातात. तिथे अडथळा चुकवायचा. इथे बर्फात शिरताना वेग उतरवायचा, नाक शक्यतो काटकोनात लावायचं आणि आत शिरल्यावर मात्र थांबायचं नाही. मागे जाताना रडर मधोमधच हवा, नाहीतर बर्फाच्या धक्क्यानं तोच वाकतो. ज्याचे हात वर्षानुवर्षं वेगळं करत आले आहेत, त्याला हे वाचून जमत नाही.

त्यात आता शिकवायला बर्फच पुरेसा पडेना. २०१०-११ च्या हिवाळ्यात बाल्टिकवर सुमारे ३,०९,००० चौरस किलोमीटर बर्फ पसरला होता. २०१९-२० मध्ये तो ३७,००० च्या आसपास थांबला. म्हणजे एखाद्या तरुण अधिकाऱ्याची पहिली काही वर्षं बर्फाशी झटापट न होताच निघून जाऊ शकतात. आणि पुढचा हिवाळा २०१० सारखा निघाला तर? त्या मार्चमध्ये वादळी वाऱ्यानं स्टॉकहोमजवळच्या समुद्रात सुमारे ५० जहाजं बर्फात अडकून पडली होती. त्यांत प्रवाशांनी भरलेल्या फेरीबोटीही होत्या.

तरीही सिम्युलेटरवर फार भिस्त ठेवणं धोक्याचं. एका बर्फातला सराव, अगदी प्रत्यक्षातलाही, दुसऱ्या बर्फात कामी येईलच असं नाही. ‘एक्सप्लोरर’ या पर्यटक जहाजाचीच गोष्ट घ्या. २३ नोव्हेंबर २००७ रोजी अंटार्क्टिकात ते बर्फावर आदळून बुडालं. सुदैवानं सगळे १५४ जण वाचले. चौकशी अहवालानं नोंदवलं, की कप्तान बाल्टिकमधला चांगला अनुभवी, पण समोर आला तो बर्फ त्याच्या ओळखीचा नव्हता. हिमनदीतून तुटून आलेला बर्फ समुद्राच्या पाण्याच्या बर्फापेक्षा कितीतरी टणक असतो. बर्फ ‘येतो’ म्हणणाऱ्याला आधी विचारायला हवं, कुठला?

आंतरराष्ट्रीय नियमांनी हे ओळखलंय. ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांसाठीची नियमावली, म्हणजे पोलर कोड, १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली आणि १ जुलै २०१८ पासून ध्रुवीय पाण्यातल्या अधिकाऱ्यांसाठी वेगळं प्रशिक्षण सक्तीचं झालं. वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राला नुसता अभ्यासक्रम पुरत नाही. ध्रुवीय पाण्यात, किंवा त्याच्या तोडीच्या मान्यताप्राप्त कामावर, किमान दोन महिने काढावे लागतात.

हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. १९८१ च्या डिसेंबरात भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली, ती ‘पोलर सर्कल’ या भाड्यानं घेतलेल्या नॉर्वेजियन जहाजावरून. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राच्या मोहिमा पुढेही भाड्याच्याच जहाजांवर चालत आल्या. २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सनं ध्रुवीय संशोधन जहाज बांधण्यासाठी नॉर्वेच्या ‘कोंग्सबर्ग’शी सामंजस्य करार केला. रशियाशी चाललेल्या बोलण्यांत भारतीय अधिकाऱ्यांना ध्रुवीय नौकानयन शिकवण्याचा विषयही आलेला आहे. पोलादाचे पत्रे कोलकात्यात कापता येतील, सिम्युलेटर मुंबईतही बसवता येईल. पण त्या प्रशिक्षकाच्या खोलीत बसून रिज कुठे ठेवायची हे ठरवणारा माणूस आधी बर्फात राहून आलेला हवा, आणि तसे अधिकारी तयार व्हायला काही हिवाळे जातात. आज नौकानयनाची पदवी घेणाऱ्यांपैकी कुणाला त्या वाटेनं जायचं असेल, तर परदेशी जहाजावरचा तो थंड, झोपमोडीचा, कमी पसंतीचा करार नाकारण्याआधी त्यांनी दोनदा विचार करावा.