कोपऱ्यातल्या खुणा

(मंडळाच्या संगणक-मार्गदर्शन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणेशोत्सवात कीर्तन असावे, नाटक असावे, पाककृती स्पर्धा असावी. पण संगणकाच्या आवाजावर व्याख्यान कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर आपल्या घरांतच आहे. कुकटपल्लीत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेल्या आपल्या कुटुंबांतील अनेकांची हयात आयडीपीएल, भेल, बालानगरचे कारखाने, बँका आणि शाळा-कॉलेजांत गेली. मुले हायटेक सिटीत लागली आणि त्यांतली काही तिथून डॅलसला, सिडनीला, लंडनला गेली. आता रविवारी सकाळी नातवंडांशी पडद्यावर बोलणे हा घरोघरचा नेम झाला आहे. नेमके तेव्हाच पलीकडचे ओठ हलताना दिसतात आणि आवाज मात्र येत नाही. 'ऐकू येतंय का?' 'नाही येत!' यातच पंधरा मिनिटे जातात, तोवर तिकडे नातीची झोपायची वेळ होते.

मंडळाच्या मदत-गटात आम्हाला येणारे फोन बरेचसे याच जातीचे असतात. 'आवाज गेला', 'स्पीकरचे चिन्ह नाहीसे झाले', 'आवाजाची पट्टी पडद्यावरून हटतच नाही'. काही जण तर सिकंदराबादच्या सीटीसी मार्केटात जाऊन नवे स्पीकर घेऊन येतात आणि तक्रार जागच्या जागी राहते. म्हणून या तीन तक्रारी आज क्रमाने पाहू. शेवटी या कोपऱ्याशी निगडित फसवणुकीबद्दलही बोलायचे आहे. ते कृपया उठून न जाता ऐकावे.

दिवा आणि कर्णा

आरतीच्या वेळी मांडवातला आवाज बंद पडला, तर आपली पोरे काय करतात? आधी माइकचे बटण पाहतात, मग वायर, मग ॲम्प्लिफायर आणि शेवटी वरचा कर्णा. ॲम्प्लिफायरवरचा लाल दिवा पेटला आहे, एवढ्यावरून कर्णा बोलतो आहे असे कुणी मानत नाही. उलट दिव्याचा बल्ब गेला म्हणून आरती थांबवतही नाही. संगणकाचेही अगदी तसेच आहे. उजव्या कोपऱ्यातले स्पीकरचे चिन्ह हा दिवा आहे. आवाज काढणारी साखळी निराळी आहे.

हा कोपरा मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९५ बरोबर आला. ती आवृत्ती २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली आणि तिने पडद्याच्या तळाशी टास्कबार दिला. एका टोकाला स्टार्टचे बटण, दुसऱ्या टोकाला घड्याळ आणि छोटी चिन्हे. कंपनीचे त्या जागेसाठी अधिकृत नाव 'नोटिफिकेशन एरिया', म्हणजे सूचनांची जागा. पण त्या काळी आवाजाचे आणि बॅटरीचे चिन्ह दाखवणाऱ्या एका लहानशा प्रोग्रामचे नाव 'सिसट्रे' होते. त्यावरून लोकांनी जागेलाच 'सिस्टिम ट्रे' म्हणायला सुरुवात केली. लोकांच्या तोंडचे नाव शेवटी जिंकले. आज विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये कंपनी स्वतःच 'सिस्टिम ट्रे' असे लिहिते.

हा टास्कबार आणि हा कोपरा रंगवण्याचे काम 'विंडोज एक्सप्लोरर' हा प्रोग्राम करतो. आवाजाचे काम 'विंडोज ऑडिओ' नावाची सेवा आणि ध्वनियंत्राचा ड्रायव्हर करतात. दोन खाती, दोन कारकून. म्हणून पहिला प्रश्न नेहमी एकच विचारावा: चिन्ह गेले आहे, की आवाज गेला आहे? एखादे गाणे लावून पाहा. गाणे ऐकू आले तर स्पीकर उत्तम आहेत, बिघाड फक्त दिव्यात आहे.

चिन्ह गेले असेल तर

प्रथम टास्कबारवरच्या वर तोंड केलेल्या बाणावर क्लिक करा. जागा वाचवण्यासाठी विंडोज बरीच चिन्हे त्या बाणाच्या पोटात ठेवते. तिथे सापडले तर माउसने ओढून बाहेर आणून ठेवा.

विंडोज १० असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'पर्सनलायझेशन', त्यात 'टास्कबार' आणि त्यात 'टर्न सिस्टिम आयकॉन्स ऑन ऑर ऑफ' उघडा. तिथे 'व्हॉल्यूम'समोरचे बटण चालू आहे का पाहा. नातवाने खेळता खेळता ते बंद केलेले असू शकते. विंडोज ११ मध्ये इंटरनेट, आवाज आणि बॅटरी या तीन खुणा एकत्र असतात आणि नेहमीच्या सेटिंग्जमध्ये त्या घालवण्याची सोय नाही. तिथे त्या दिसत नसतील तर एक्सप्लोररच अडकला आहे असे समजावे.

त्यावर उपाय सोपा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात 'विंडोज एक्सप्लोरर' शोधून उजवे क्लिक करा आणि 'रीस्टार्ट' म्हणा. क्षणभर टास्कबार नाहीसा होईल. घाबरू नका, तो परत येतो. परत आल्यावर एक्सप्लोरर सगळ्या चालू प्रोग्रामना दवंडी देतो, की पाटी पुसली गेली, आपापली चिन्हे पुन्हा लावा. जे ती दवंडी ऐकतात त्यांची चिन्हे परत येतात. एखादा बेसावध प्रोग्राम ऐकत नाही. तो चालू असतो, पण दिसत नाही. तेवढा बंद करून पुन्हा उघडला की झाले.

याच्या उलटही घडते. एखादा प्रोग्राम अचानक कोसळला तर आपले चिन्ह काढून घ्यायला त्याला सवड मिळत नाही. चिन्ह कोपऱ्यात तसेच राहते आणि माउस त्यावर नेला की गडप होते. आमच्याकडे 'संगणकात भूत आहे' अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांचे भूत बहुधा हेच.

आवाज गेला असेल तर

इथे मांडवातल्या पोरांसारखे एका टोकाकडून निघावे. मध्येच उडी मारू नये.

पहिली पायरी चिन्हच. स्पीकरशेजारी फुली असेल तर बहुधा आवाज मुका केलेला आहे. कीबोर्डवरचे स्पीकरचे बटण दाबा किंवा चिन्हावर क्लिक करून पट्टी सरकवा.

दुसरी पायरी, आवाज जातो कुठे? आजच्या संगणकाला बोलायला तीन-चार तोंडे असतात: स्वतःचे स्पीकर, केबलने जोडलेला टीव्ही, ब्लूटूथचे हेडफोन. टीव्ही जोडला की आवाज पुष्कळदा आपोआप टीव्हीकडे वळतो. मग लॅपटॉप मुका आणि टीव्हीचा आवाज शून्यावर, अशी गंमत होते. आतल्या खोलीत कपाटात ठेवलेले हेडफोन चालू राहिले असतील, तर नातीचे सगळे बोलणे त्या कपाटात जाते. विंडोज ११ मध्ये आवाजाच्या पट्टीशेजारच्या छोट्या चिन्हावर क्लिक केले की ही तोंडांची यादी दिसते. विंडोज १० मध्ये पट्टीच्या वरच्या नावावर क्लिक करावे. हवे ते तोंड निवडा.

तिसरी पायरी, एकच प्रोग्राम मुका आहे का? स्पीकरच्या चिन्हावर उजवे क्लिक करून 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडा. तिथे प्रत्येक प्रोग्रामची पट्टी निराळी असते. भजने मोठ्याने वाजतात आणि व्हिडिओ कॉल गप्प, असे असेल तर उत्तर इथेच सापडेल.

चौथी पायरी, तुमचा आवाज पलीकडे जात नसेल तर कॉलच्या खिडकीतला माइक पाहा. त्यावर तिरकी रेघ असेल तर तुम्हीच बंद आहात. कोणताही प्रोग्राम माइक वापरत असेल तेव्हा सध्याच्या विंडोजमध्ये कोपऱ्यात माइकची खूण येते. तुम्ही कुणाशी बोलत नसताना ती दिसली तर माउस तिच्यावर न्या. माइक कोण वापरतो आहे त्याचे नाव दिसेल. ही खूण ओळखून ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

पाचवी पायरी, यातले काहीच लागू नसेल तर संगणक 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणे म्हणजे तेच, असे अनेकांना वाटते. पण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था जपून ठेवते आणि सकाळी तीच पुन्हा मांडते. रात्रीचा अडकलेला ड्रायव्हर सकाळीही अडकलेलाच. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळे नव्याने मांडले जाते. ड्रायव्हर बदलणे, सेवा चालू-बंद करणे या गोष्टी यानंतरच्या आहेत. त्यांसाठी आम्हाला हाक मारा.

पडद्यावरची पट्टी

बटणाने आवाज कमी-जास्त केला की पडद्यावर क्षणभर एक पट्टी उमटते. विंडोज ८ आणि १० मध्ये ती वर डाव्या बाजूला यायची. विंडोज ११ मध्ये २०२२ च्या सुधारणेपासून ती तळाशी, टास्कबारच्या वर मधोमध येते. जागा बदलली म्हणून 'पट्टी गेली' असे वाटणाऱ्यांनी खाली पाहावे.

पट्टी पुनःपुन्हा आपोआप उमटत असेल तर ते बहुधा दाबून राहिलेले बटण असते. कीबोर्ड वेगळा असेल तर त्याची वायर काढून पाहा. पट्टी थांबली तर दोषी सापडला. चिवड्याचा कण बटणाखाली अडकल्याचे आम्ही पाहिले आहे. विंडोज १० मध्ये पट्टी फार वेळ रेंगाळत असेल तर 'ईज ऑफ ॲक्सेस'मध्ये 'डिस्प्ले' उघडून 'शो नोटिफिकेशन्स फॉर' इथला वेळ पाच सेकंद करा.

आवाज बदलतो पण पट्टी येत नाही, ही तक्रार दोन प्रकारची. काही लॅपटॉपांत ती पट्टी कंपनीचा स्वतःचा प्रोग्राम काढतो. तो उडाला की पट्टीही उडते. दुसरा प्रकार म्हणजे बाहेरच्या स्पीकरचे गोल बटण. वायरने जोडलेल्या साध्या स्पीकरचे बटण फिरवले, तर संगणकाला त्याचा पत्ताच नसतो. पडद्यावर शंभर आणि खोलीत शांतता, असे तेव्हा दिसते. यात बिघाड कोणताच नाही. दोन नळ एकापुढे एक आहेत, दोन्ही उघडे हवेत.

आवाजाशेजारीच भाषेची खूण असते, तिच्याबद्दल दोन वाक्ये. विंडोज २००० पासून मराठी त्यात लिहिता येऊ लागली आणि एक्सपीपासून तेलुगूही. आपल्या घरांत इंग्रजी, मराठी आणि तेलुगू अशा तिन्ही असू शकतात. टाइप करताना भलतीच अक्षरे उमटली तर कीबोर्ड फेकू नका. विंडोजचे बटण धरून स्पेसबार दाबा, भाषा बदलेल.

आता जोखमीची गोष्ट

एखाद्या दिवशी पडद्यावर अचानक लाल खिडकी येते, भोंगा वाजू लागतो आणि 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असे दिसते. किंवा गोड बोलणारा कुणी फोनवर सांगतो, 'काका, तुमचा कोपरा पाहा. तिथे अमुक चिन्ह दिसतंय ना? तोच व्हायरस.' चिन्ह तर खरोखर असते, कारण ते सगळ्यांच्याच कोपऱ्यात असते. खुणा न ओळखणारा माणूस इथे विश्वास ठेवतो. मग तो सांगेल ते ॲप उतरवून घेतो, आणि पडद्याचा ताबा परक्या हाती जातो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये 'एनीडेस्क' या ॲपच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते. ॲप स्वतः वाईट नाही. दुरून दुरुस्ती करण्यासाठी ते कामाचे आहे. प्रश्न किल्ली कुणाला दिली याचा आहे.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो, एवढे पाठ करा. भोंगा वाजला तर आधी आवाज मुका करा, डोके शांत होते. मग एस्केपचे बटण थोडा वेळ दाबून धरा, खिडकी लहान होईल. नाही झाली तर टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप आता तुम्हाला येते.

कुणी आत शिरलाच असेल तर वाय-फाय बंद करा किंवा संगणकाचे बटण दाबून धरून तो बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर जितका लवकर फोन, तितकी ते अडवले जाण्याची शक्यता अधिक. लाजू नका आणि मुलांपासून लपवू नका. फसवणाऱ्याची सगळी भिस्त त्या लाजेवर असते.

कोपऱ्यात अनोळखी चिन्ह नाही म्हणजे धोका नाही, असेही समजू नये. दिवा आणि कर्णा निराळे, हे इथेही लागू आहे. म्हणून घरात एकच नियम ठेवा: पडद्याचा ताबा फक्त त्याला द्यायचा, ज्याला आपण स्वतः, आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन केला आहे.

एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर संगणक नीट चालू असतानाच त्या कोपऱ्याकडे पाहा आणि तिथे कोणकोणती चिन्हे आहेत ते एका वहीत लिहून ठेवा. न कळणारे चिन्ह असेल तर माउस त्यावर नेऊन त्याचे नाव लिहा. नेहमीचे पाहुणे माहीत असले की परका लगेच ओळखू येतो. वही घेऊन उत्सवातल्या कोणत्याही संध्याकाळी आरतीनंतर मांडवामागच्या टेबलाशी या. आम्ही तिथे बसलेले असू.

बाप्पाला आपण शूर्पकर्ण म्हणतो. सुपासारखे कान, दाणे ठेवून फोलपट पाखडणारे. नातवंडांचे बोलणे आपल्या कानी पोचावे आणि ठगांचे पाखडले जावे, एवढेच त्याच्याकडे मागू या.

गणपती बाप्पा मोरया!