साक्षीदारांची घड्याळं

मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. तरी आज ‘स्विच’बद्दल बोलणार आहे. दिव्याचं बटण नव्हे. कार्यालयातले संगणक तारांनी ज्या पेटीला जोडलेले असतात, ती ही पेटी. कोणता संगणक केव्हा जोडला गेला, केव्हा सुटला, याची ती वेळेसकट नोंद ठेवते.

माझा भाचा अशा पेट्या सांभाळतो. त्याच्या कार्यालयात एका रात्री काही कागदपत्रं संगणकातून पुसली गेली. स्विच म्हणत होता, संगणक 9 वाजून 10 मिनिटांनी जोडला गेला. दारावरच्या वहीत शिपाई 9.20 ला बाहेर पडल्याची नोंद. संशय अर्थातच शिपायावर! भाच्याने घड्याळं ताडून पाहिली. स्विचचं घड्याळ 17 मिनिटं मागे होतं. म्हणजे संगणक सुरू झाला 9.27 ला, शिपाई गेल्यानंतर. गरिबाची नोकरी वाचली.

असं का होतं? स्विचमधलं घड्याळ उष्णतेने हळूहळू चुकत जातं. काही स्विच तर वीज गेली की जुन्याच तारखेपासून मोजायला लागतात. यावरचा उपाय अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी 1985 च्या सुमारास घडवला. त्याचं नाव एनटीपी. स्विच भरवशाच्या घड्याळाला वेळ विचारतो. प्रश्न निघाला केव्हा, पोचला केव्हा, उत्तर निघालं केव्हा, मिळालं केव्हा, या चार वेळांवरून वाटेतला उशीर वजा करून तो स्वतःला सावरतो.

भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर राखते. तिच्याशी किंवा एनआयसीच्या घड्याळांशी जुळवून घ्या, असा आदेश सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी दिला. भाचा सांगतो, मुख्य स्विचने बाहेरून वेळ घ्यावी, बाकीच्यांनी त्याच्याकडून. मुख्य स्विचला चार घड्याळं नेमून द्यावीत. दोनच असली आणि त्यांचं पटलं नाही, तर खोटं कोण हे कळत नाही. साडेपाच तासांचा फरकही नोंदवायला विसरू नये. आणि वेळ खरोखर जुळली का, हे शेवटी पाहावं.

रमजानमध्ये नागपूरकर मुंबईकरांच्या आधी रोजा सोडतात. दोघंही बरोबर, कारण प्रत्येकाचा साक्षीदार त्याच्या गावचा सूर्य. पेटीला मात्र सूर्य दिसत नाही. तिला आपणच वेळ सांगावी लागते. तेव्हा उद्या कार्यालयात एवढंच विचारा : आपले सगळे स्विच आत्ता किती वाजले म्हणतात? उत्तर एकच यायला हवं. कुणा निरपराधाची अब्रू त्यावर टांगलेली असू शकते.