रक्तदाब मोजताना
(पालक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, साधा शिक्षक आहे. पण पेपर चुकीचा तपासला की मुलाचे काय होते हे मला ठाऊक आहे. रक्तदाबाचेही तसेच.

आमचे अब्बा निमोण्याहून एस. टी.त उभ्याने शिरूरला गेले. उतरल्यावर चहा झाला, तंबाखू झाली, मग दवाखान्याचा जिना. धाप लागलेली असतानाच सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा बांधला गेला. आकडा १६२/१००. त्याच दिवशी गोळी सुरू! पंधरा दिवसांनी पहाटे भोवळ येऊन ते अंगणात पडले. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी थांबवून पुढे तीन वेगवेगळ्या दिवशी नीट मोजले, तर १२८/८० च्या पुढे आकडा गेला नाही.

नीट म्हणजे काय? आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन यावे. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसावे. (आम्हा शिक्षकांना हेच अवघड!) दंड उघडा, हृदयाच्या पातळीवर. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो. मिनिटभराने पुन्हा मोजावे. पहिल्या खेपेस दोन्ही हातांवर. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा अधिक आला, तरच सहसा विकार ठरवतात. आकडा फारच चढलेला असेल तर मात्र डॉक्टर वाट पाहत नाहीत.

यात मोठी विद्या नाही, सवय आहे. आपल्याच तालुक्यात वढूला पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडे आरोग्याचे काम सोपवले. मग आपल्या शाळेतील वरच्या वर्गातील मुलांना घरचा रक्तदाब रीतसर मोजून वहीत लिहिता का येऊ नये?

अब्बांचे पाहून अम्मी म्हणू लागली, "मशिनी खोटंच बोलतात." तिला कसलाच त्रास नव्हता. मोठ्या मिनतवारीने बसवून मोजले, तर तिन्ही दिवस १६० च्या वर. तिची गोळी डॉक्टरांनी चालू केली, ती आजही चालू आहे. डबी मी माझ्या टेबलावर ठेवतो, कारण अब्बा अजून तिला सांगतात, "माझी सुटली, तुझीही सुटेल."