सुईचा उपचार आणि आपला दवाखाना

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत टावर चौक, उज्जैन येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रस्टच्या मोफत दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस अ‍ॅक्युपंक्चरची, म्हणजे सुया टोचून करावयाच्या चिनी उपचाराची, सोय करावी अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. तिला विरोधही झाला आहे. कोणी म्हणतात, ज्या गावात धन्वंतरींच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय आहे तेथे चिनी वैद्यकाचे काय काम? कोणी म्हणतात, दोन हजार वर्षांची विद्या आहे, मग विचारायचे ते काय? दवाखान्याची व्यवस्था पाहणारे म्हणून आम्हांस यावर बोलण्याची आज्ञा झाली. दोन्ही बाजू आम्हांस पटलेल्या नाहीत, हे आरंभीच सांगून टाकतो.

परकेपणाचा मुद्दा आधी घेऊ. चीनशी उज्जयिनीचा संबंध आजचा नाही. इ. स. ४९९ मध्ये या नगरीत जन्मलेला परमार्थ नावाचा बौद्ध पंडित ५४६ मध्ये समुद्रमार्गे चीनला पोहोचला. युद्धांच्या धामधुमीत गावोगाव भटकत त्याने संस्कृत ग्रंथ चिनी भाषेत उतरविले आणि ५६९ मध्ये तेथेच देह ठेवला. पुढे शतकभराने इ-त्सिंग हा चिनी यात्रेकरू इकडे आला व नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. आपल्याकडील वैद्यकाचे, विशेषतः लंघनाचे, त्याने कौतुक केले आहे. परंतु सुई, डाग आणि नाडी या तीन बाबतींत चीनची बरोबरी जंबुद्वीपात कोणी करणार नाही, असेही तो अभिमानाने लिहून गेला. गंमत अशी की, ज्या नाडीपरीक्षेला आपण अस्सल आपली समजतो ती चरक-सुश्रुतांत नाही. ती शार्ङ्गधर संहितेत येते. ती कोठून आली यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. वैद्यकात देवघेव नेहमीच झाली आहे, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

आता अलीकडची गोष्ट, आणि ती मराठी माणसाने विसरू नये अशी आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून पाच डॉक्टर बोटीने चीनला निघाले. जपानी आक्रमणाने होरपळलेल्या देशाला मदत म्हणून काँग्रेसने हे पथक पाठविले होते. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे अठ्ठावीस वर्षांचेही न झालेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. इतर एकेक करून परतले. कोटणीस परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, १९४१ मध्ये डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, को छिंग-लान या परिचारिकेशी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी वारले. वय अवघे बत्तीस. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेला असेल.

येथे एक समज दूर केला पाहिजे. कोटणिसांनी सुईचा उपचार भारतात आणला असे पुष्कळ लोक सांगतात. तसे नाही. कोटणीस हे मुंबईच्या गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, सुरीने काम करणारे शल्यवैद्य. सुई आणली ती त्यांचे सोबती डॉ. विजयकुमार बसू यांनी. १९५८ च्या सुमारास बसू पुन्हा चीनला गेले, तेथे ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात तिचा उपयोग करू लागले. आपल्या दिवंगत मित्राच्या नावाने त्यांनी समिती चालविली आणि त्या नावाखाली गरिबांसाठी सुईचे दवाखाने निघाले. लुधियानातही कोटणिसांच्या नावाचे अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय आहे. म्हणजे सोलापूरच्या सुपुत्राचे नाव या उपचाराला जोडले गेले ते मैत्रीने, आणि आमच्या मते हे नाते अधिक मोलाचे आहे.

उपचार काय आहे? शरीरात ‘छी’ नावाची शक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, तिला अडथळा झाला की रोग होतो, आणि त्या मार्गांवरील साडेतीनशेंहून अधिक बिंदूंपैकी योग्य ते टोचले की प्रवाह मोकळा होतो, असे चिनी शास्त्र सांगते. शवविच्छेदनात हे मार्ग कोणास सापडलेले नाहीत. परंतु सिद्धांत सिद्ध न झाला म्हणून गुण येत नाही असे होत नाही. गुण येतो की नाही हे निराळे पाहावे लागते. ते पाहिले गेले आहे. जर्मनीत ११६२ जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांचे तीन गट करून केलेल्या परीक्षेचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी शेकडा सुमारे ४८ जणांना सहा महिन्यांनी चांगला आराम होता. बिंदू सोडून वरवर टोचलेल्यांपैकी ४४ जणांना. आणि औषधे, मालिश, व्यायाम या नेहमीच्या उपचाराने २७ जणांना. हे आकडे दोन्ही पक्षांस अडचणीचे आहेत. सुईने खरोखर बरे वाटते. पण बिंदू नेमका कोणता याला गुरुजन सांगतात तेवढे महत्त्व दिसत नाही. गुडघेदुखी, अर्धशिशी, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांतही काही उपयोग आढळला आहे. मधुमेह, रक्तदाब, क्षय, कर्करोग सुईने बरे होतात याला मात्र पुरावा नाही.

चिनी औषधींबद्दलही थोडे सांगतो, कारण पुड्या विकणारे सुईच्या पाठोपाठ येतातच. चैत्रात देवाला वाहतो तो आपला दवणा ज्या वनस्पतिकुळातला, त्याच कुळातल्या एका वनस्पतीच्या पाल्याची वात करून चिनी वैद्य शेक देतात, आणि त्याच कुळातील दुसरीपासून हिवतापावरचे आजचे प्रमुख औषध निघाले. थू यू-यू या विदुषींनी चौथ्या शतकातील एका ग्रंथात वाचले की ही वनस्पती पाण्यात भिजवून रस पिळावा. उकळण्याचा उल्लेख नव्हता. तेव्हा उष्णतेने गुण जात असावा असे ताडून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला, १९७२ मध्ये तो आधी स्वतः घेऊन पाहिला, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुना ग्रंथ असा वाचावा!

याची दुसरी बाजूही आहे. १९९० नंतर ब्रुसेल्समध्ये वजन उतरविण्यासाठी चिनी वनस्पतींची औषधे घेतलेल्या शंभराच्या आसपास रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली. एका मुळीच्या जागी दुसरीच आली होती. ती दुसरी आपल्याकडील ईश्वरीची सख्खी बहीण. तेव्हा ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य चिनी औषधांपुरतेच खोटे आहे असे कोणी समजू नये. आणि खवल्या मांजराचे खवले! त्यांच्या लोभाने आपल्या मध्यप्रदेशातील जंगलांतूनही हा गरीब प्राणी मारला गेला. चीनने २०२० मध्ये आपल्या औषधकोशाच्या यादीतून ते वगळले, हे उशिरा का होईना बरे झाले.

तर मग आपण काय करावे? आमचे मत असे की, सोय करावी, पण अटींवर. महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा केला, केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्यास स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा रीतसर शिक्षण व नोंदणी असलेलाच माणूस घ्यावा, चार दिवसांचे शिबिर करून आलेला नको. सुई एकदा वापरली की टाकून द्यावी. रुग्णासमोर पाकीट फोडावे. दूषित सुईने कावीळ पसरते, आणि छातीवर खोल गेलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते. आधी आपल्या डॉक्टरांनी रुग्ण तपासावा, कारण कंबरदुखीच्या आड कधी मणक्याचा क्षय लपलेला असतो. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी ते आधी सांगावे. कोणाचीही चालू गोळी बंद करावयाची नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरांत, मराठीत व हिंदीत, दारावर लावावे.

आणखी एक. चिनी पुड्या व गोळ्या दवाखान्यात ठेवू नयेत. संध्याकाळी फ्रीगंजात फिरावयास आलेले आपले आजी-आजोबा टावरखाली बसून एकमेकांना औषधे सुचवितात, तो प्रेमाचा व्यवहार आहे. त्यावर ट्रस्टचा शिक्का नको.

हा उपक्रम पहिले वर्ष प्रयोग म्हणून चालावा. प्रत्येक रुग्णाची वहीत नोंद व्हावी: येताना दुखणे किती होते, सहा आठवड्यांनी किती, आणि सहा महिन्यांनी किती. ज्याला गुण आला नाही त्याचीही नोंद तितक्याच काळजीने व्हावी. वर्षअखेर ती वही, नावे झाकून, सर्वसाधारण सभेपुढे ठेवू, आणि पुढे चालवावे की बंद करावे हे सभासदांनी आकडे पाहून ठरवावे. दालनाला डॉ. कोटणिसांचे नाव द्यावे अशीही सूचना आली आहे. ती आम्ही वर्षभर राखून ठेवली आहे.