धनुष्य आपले, रथ परका
क्षेपणास्त्राचे नाव सर्वांच्या ओठी असते. ते वाहणारा ट्रक मात्र कोणाच्या ध्यानी नसतो. चेक प्रजासत्ताकातील टाट्रा कारखान्याचे ट्रक पाहा. त्यांच्या मध्यभागी कण्यासारखी एकच पोलादी नळी असते आणि दोन्ही बाजूंचे अर्धे आस स्वतंत्रपणे वरखाली होतात. हान्स लेडविंका यांनी १९२३ साली प्रत्यक्षात आणलेल्या या रचनेमुळे खाचखळग्यांतही चाके जमीन धरून राहतात. नळीचे खंड वाढवीत गेले की चारचाकीपासून बाराचाकीपर्यंत अख्खे कुटुंब उभे राहते.

१९८६ साली बीईएमएल या सरकारी उद्योगाने टाट्राशी करार केला. पुण्यात विकसित झालेली, शिवधनुष्याचे नाव धारण करणारी 'पिनाक' अग्निबाण-प्रणाली आणि 'सर्वत्र' हा लष्करी पूल आठचाकीवर आरूढ झाले, 'ब्रह्मोस' बाराचाकीवर. परंतु २०१२ साली या खरेदीवरून वादळ उठले, तेव्हा पाव शतकानंतरही या ट्रकांचे स्टिअरिंग डावीकडेच असल्याचे देशासमोर आले. परवाना विकत मिळतो. विद्या कष्टानेच मिळवावी लागते. धनुष्य आपले आणि रथ परका, अशा स्थितीत स्वावलंबन अपुरेच राहते. ते आसापर्यंत पोहोचले पाहिजे.