स्वयंपाकघरांतील विश्रांति

इ. स. १६६६ च्या ऑगस्ट महिन्याच्या ३ तारखेस पॅरिस शहरांतील कार्मेली मठांत बोफोर नांवाचे एक धर्मोपदेशक आले. त्यांना भेटावयाचें होतें तें मठाधिपतीस नव्हे, तर लॉरेन्स नांवाच्या एका साध्या सेवक-बंधूस. ह्या बंधूचें शिक्षण बेताचें, एक पाय अधू, आणि त्याच्या आयुष्यांतील पंधरा वर्षें मठाच्या चुलीपाशीं गेलेलीं.

त्याचें पूर्वाश्रमीचें नांव निकोला एर्मां. तारुण्यांत तो शिपाई होता. लढाईंत जखमी झाला. पुढें एका बड्या गृहस्थाकडे हुजऱ्या म्हणून राहिला, तेव्हां हातीं येईल ती वस्तु फोडी, असें तो स्वतःच सांगे. १६४० मध्यें तो मठांत शिरला तो ह्या समजुतीनें कीं, आपल्या वेंधळेपणाचें प्रायश्चित्त तेथें तरी पुरें भोगावें लागेल. देवानें आपली निराशा केली, असें तो मागाहून थट्टेनें म्हणे. पदरीं पडलें तें समाधानच!

मात्र तें समाधान स्वस्तांत मिळालें नाहीं. आपण नरकाचेच धनी आहोंत, ही खात्री चार वर्षेंपर्यंत त्याच्या मनांतून हालेना. कोणाचेंहि सांगणें तेथें लागू पडेना. अखेर त्यानें तो वादच सोडून दिला. तरणें असो वा बुडणें असो, श्वास आहे तोंवर जें करावयाचें तें देवाच्या प्रीतीस्तव करावें, एवढेंच त्यानें ठरविलें. हिशेब सुटला आणि मन मोकळें झालें.

स्वयंपाकाचा त्याला मुळांत तिटकाराच होता. तरी काम हातीं घेण्यापूर्वीं तो देवाचें साह्य मागे, काम चालू असतां त्याच्याशीं मनांतल्या मनांत बोले, आणि काम झाल्यावर आपली झडती घेई. चुकलें असल्यास क्षमा मागे व खंत करीत न बसतां पुन्हा कामास लागे. एकदां द्राक्षासव खरेदी करण्यासाठीं त्याला बर्गंडी प्रांतांत धाडलें. व्यवहारज्ञान नाहीं, पाय चालेना. नावेंत पिंपांवरून गडगडतच त्याला इकडून तिकडे जावें लागे. तरी त्याची शांति ढळली नाहीं.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत श्रांत जनांस विसावा देऊं करणारा ख्रिस्त त्याच दमांत आपलें जूं घ्या असेंहि म्हणतो, ह्याकडे बहुतेकांचें लक्ष जात नाहीं. काम टाकल्यानें विश्रांति मिळते असें त्याला म्हणावयाचें नाहीं. मार्थेस जो शब्द लागला तोहि तिच्या राबण्याबद्दल नव्हे, जिवाच्या तगमगीबद्दल. जनाबाईच्या जात्याशीं विठ्ठलास बसलेला पाहणाऱ्या महाराष्ट्रास हें समजावून सांगण्याची गरज नसावी.

पुढें लॉरेन्सकडे मठांतील वहाणा दुरुस्त करण्याचें काम आलें. १६९१ च्या फेब्रुवारींत तो वारला; त्याचे संवाद व पत्रें बोफोर यांनीं जुळवून प्रसिद्ध केलीं. प्रार्थनेंत मन भटकतें, अशी तक्रार करणाऱ्या एका बाईस त्यानें कळविलें होतें कीं, मनाशीं झुंज घेऊं नये; हळूच त्यास माघारीं आणावें, आणि श्रीमंताच्या दारीं मुका, पंगु भिकारी बसतो तसें देवापुढें नुसतें बसून राहावें.