नाकाजवळची फट
(महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



करोनाच्या काळात आपण शिवलेले मास्क आठवत असतील. उरलेले मास्क मी गेल्या हिवाळ्यात धडगावकडच्या पाड्यांवर, क्षयरोग्यांच्या घरी वाटले. अहवालात तसे छापूनही आले. आज त्याचीच थोडी कबुली द्यायची आहे.

एका आजींच्या झोपडीत आमचे प्रचारक बंधू मास्क लावून बसले होते. प्रत्येक श्वासाला त्यांचा चष्मा धुरकट होई. आम्ही हसलो. परतताना मात्र मला ते खटकले. काचेवर वाफ धरते, म्हणजे श्वास कापडातून न गाळता नाकाजवळच्या फटीतून निघतो. आत येतानाही तसाच येतो. क्षयाचे जंतू वाहणारे बारीक कण हवेत तासन्‌तास तरंगतात. त्यांना एवढी वाट पुरे. आजींचा मास्क तर हनुवटीवर होता. "दम कोंडतो गं बाई," म्हणाल्या. आपण पडद्याचे जाड कापड वापरलेले. त्यांचे काय चुकले? नातू त्यांच्याच गोधडीत झोपतो.

१९१०-११ साली मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा डॉ. वू लियन-तेह यांनी कापूस आणि गॉझचे साधेच मास्क वापरायला लावले. पण ते डोक्यामागे घट्ट बांधायचे होते.

म्हणून या वेळी वरच्या कडेत वाकणारी तार घालू. कानाच्या इलॅस्टिकला गाठ मारली की गालाजवळची फटही कमी होते. थर तीन: आत सुती, मध्ये न विणलेले पॉलिप्रॉपिलीन, बाहेर पॉलिस्टरमिश्रित. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली कापडी मास्कसाठी हेच सुचवले होते. मिशनचे नाव भरायचे राहू द्या. सुईची छिद्रे ही छिद्रेच.

हे मास्क रुग्णांसाठी. गोळ्या नियमित आणि दार-खिडकी उघडी, हे तर हवेच. पण जवळ बसून शुश्रूषा करणाऱ्याला कापड पुरत नाही, त्याला एन-९५ लागतो. आमच्या एका कार्यकर्तीने काटकसर म्हणून तो साबणाने धुतला. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तशा विद्युतभारानेच त्यातला थर बारीक कण धरतो. धुतल्यावर तो भार जातो. दिसायला मास्क अगदी स्वच्छ! तिला मी रागावले नाही. मीही तिला कधी सांगितले नव्हते. दान द्यायचे असेल तर यंदा एन-९५ साठी द्या.

शनिवारी दुपारी शिवायला बसू. तार मी आणते. चष्मेवाल्या दोघी-तिघींनी जरूर यावे, प्रत्येक नमुना त्यांच्याच नाकावर तपासायचा आहे.